आठवड्याला पाच जण

जिमला माणूस जातो तो स्वतःसाठी. कुणाला पोट कमी करायचं असतं, कुणाची पोलीस भरती जवळ आलेली असते, कुणाचं लग्न ठरलेलं असतं, तर कुणाला डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवून बजावलेलं असतं. यात वावगं काहीच नाही. आपलं शरीर आपण नाही सांभाळायचं तर कोणी? पण रोज तिथं जाता जाता आणखी एक गोष्ट नकळत घडते आणि माझ्या मते जिमची खरी कमाई तीच. स्वतःसाठी आलेला माणूस दुसऱ्याच्या वजनाखाली हात धरायला शिकतो.

बेंचवर आडवं पडून छातीवरून रॉड उचलणाऱ्याकडे कधी नीट पाहा. पहिल्या सहा-सात खेपा निघून जातात. आठव्या खेपेला रॉड अर्ध्यात अडकतो, कोपरं थरथरू लागतात, मानेच्या शिरा फुगतात. त्याच्या डोक्याशी एक जण सपोर्टला उभा असतो. त्याची बोटं रॉडच्या खाली असतात, पण रॉडला टेकलेली नसतात. ‘तुझंच आहे, निघतंय, दाब,’ असं तो म्हणत राहतो. अगदीच अडलं तर दोन बोटांचा आधार देतो, तेवढाच. त्याने घाईने रॉड उचलून घेतला तर खालच्याची मेहनत वाया जाते. त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं तर वजन छातीवर येतं. कधी हात लावायचा आणि कधी नाही, हे उमगायला काही महिने जावे लागतात. पुष्कळदा या दोघांची धड ओळखही नसते. एकाचं कांद्याचं शेत, दुसरा पतसंस्थेत, तिसरा बारावीला. तरी ‘भाऊ, जरा सपोर्ट दे’ म्हटलं की समोरचा आपला सेट सोडून येतो. नाही म्हणणारा मी पाहिलेला नाही.

एवढा विश्वास ज्या चार भिंतींत रोज सकाळ-संध्याकाळ जमतो, तो गावाच्या उपयोगी पडलाच पाहिजे. देवळ्यासारख्या गावात तर नक्कीच.

देवळा म्हणजे कसमादे पट्ट्यातलं गाव. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या चौघांचं हे एकत्र नाव नाशिक जिल्ह्यात सगळ्यांच्या तोंडी आहे. तालुक्याचा जीव कांद्यावर. उमराण्याच्या बाजारात कांद्याला काय भाव फुटला यावर घरातलं हसू-रडू ठरतं. पूर्वी गावोगावी मारुतीच्या देवळाजवळ तालीम असायची, तांबडी माती, कोपऱ्यात मुदगल, भिंतीवर हनुमंताची तसबीर. आता शटरच्या गाळ्यात रबरी मॅट आणि भिंतभर आरसे आलेत. साधनं बदलली, पण पहाटे उठून आलेल्या पोरांचा एकमेकांशी बोलण्याचा सूर बदललेला नाही. शिवाय शेतीच्या कामात सावड करायची या भागाला जुनी सवय आहे: आज चार जण माझ्या शेतात, उद्या मी त्यांच्या शेतात, पैशाचा व्यवहार नाही. जिममधला सपोर्ट मला त्या सावडीच्याच घरातला वाटतो.

चैत्रात हे गाव पाहण्यासारखं असतं. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगीगडावर चैत्रोत्सव असतो आणि त्यासाठी अख्खा खानदेश पायी निघतो. धुळ्याकडची, जळगावकडची माणसं मालेगाव सोडून देवळा, कळवण, नांदुरी करत गडाकडे जातात. उन्हाचा ताप चुकवायला पुष्कळ जण रात्री चालतात. डोक्याला उपरणं, खांद्यावर झेंडा, पायांत साधी चप्पल, तीही कधी हातात. रस्त्याकाठी मंडळं मांडव घालतात. कुणी ताक वाटतं, कुणी जेवण, कुणी नुसतं सावलीला बसू देतं आणि पाय चेपून देतं.

या पाय चेपण्यात जिमच्या पोराचा हात लगेच ओळखू येतो. पोटरीत गोळा आलेल्या माणसाला दुसरा कुणी तेल घेऊन रगडू लागतो आणि तो बिचारा कळवळतो. हा पोरगा आधी त्याचा पाय सरळ करतो, टाच एका तळहातात धरतो, दुसऱ्या हाताने पायाची बोटं हळूहळू गुडघ्याच्या दिशेने दाबून तशीच धरून ठेवतो. अर्ध्या-एक मिनिटात गोळा सुटतो. मग पाण्यात मीठ-साखर घालून देतो. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नसतं. पायांचा व्यायाम करून घरी जाताना जिन्यावर स्वतःच्या पोटरीत आलेल्या गोळ्याने शिकवलेलं असतं. स्वतःच्या अंगावर सोसलेली गोष्ट दुसऱ्याच्या कामी अशी थेट येताना पाहिलं की फार बरं वाटतं.

पण यात्रा वर्षातून एकदा येते. संकट तिथी पाहून येत नाही.

२८ जानेवारी २०२० हा दिवस देवळा तालुका विसरणार नाही. मालेगाव-देवळा रस्त्यावर मेशी फाट्याजवळ धुळ्याहून कळवणला निघालेली एसटी बस आणि प्रवासी रिक्षा यांची धडक झाली आणि दोन्ही वाहनं रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली. २६ माणसं गेली. हाक ऐकून धावले ते आसपासचे गावकरी. पाणी उपसायला पंप लावावे लागले, बस वर काढायला क्रेन आणावी लागली, बचावाचं काम रात्रीपर्यंत चाललं. त्या विहिरीच्या काठावर कोण तालमीतला आणि कोण घरातला, हे कुणी विचारलं नसेल आणि विचारूही नये. ज्याच्या अंगात होतं त्याने ते दिलं.

मला त्या दिवसापासून एक प्रश्न पडत आला आहे. ज्यांच्या दंडात बळ आहे त्यांना अशा वेळी नेमकं काय करायचं हे ठाऊक असतं का? बळ आणि जाण या दोन वेगळ्या गोष्टी. मानेला मार लागलेल्या माणसाला जोरात ओढलं तर जीव वाचवायला गेलेला हातच त्याला जन्माचं अधू करू शकतो. हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबायची तर मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला निदान ५ सेंटिमीटर खोल, आणि १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता. हे काम किती दमवणारं आहे ते एकदा गादीवर करून पाहावं. भला पैलवानही दोन-तीन मिनिटांत ढिला पडतो, दाब उथळ होतो आणि त्याच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलावा, असा वैद्यकशास्त्राचा नियम आहे. म्हणजे एकट्याने कितीही अंग कमावलं असलं तरी इथं भागत नाही. पाठीमागे दुसरा हवा, त्याच्या मागे तिसरा हवा, आणि ‘आता मी घेतो’ हे शब्द वेळेवर निघायला हवेत. हे शिक्षण देण्यासाठी जिमइतकी चांगली जागा गावात दुसरी नाही. डॉक्टर तालुक्यात आहेत, रिकामी मॅट जिममध्ये आहे, वेळेवर जमणारी पोरं आहेत. एका रविवारचं काम आहे.

आता रक्ताविषयी. माझा जीव खरा तिथं गुंतला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे रक्तदान म्हटलं की शिबिर. जयंती, वाढदिवस, वर्धापनदिन. मांडव, हार, पाहुणे, दिवसभरात दोन-तीनशे पिशव्या, संध्याकाळी फोटो. देणाऱ्यांच्या मनाविषयी मला शंका नाही. ते मनापासूनच देतात. पण रक्ताचं गणित आपल्या उत्सवांच्या गणिताशी जुळत नाही. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगळ्या काढतात. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. प्लेटलेट्स मात्र अवघे ५ दिवस. म्हणजे आज तीनशे जणांनी एकदम दिलेल्या रक्तातल्या प्लेटलेट्सचा पुढच्या आठवड्यात तापाने फणफणलेल्या डेंग्यूच्या रुग्णाला काही उपयोग नाही. थॅलेसेमिया झालेल्या लेकराला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, जन्मभर. त्याला आपली जयंती-पुण्यतिथी कळत नाही. आणि एप्रिल-मे आला, कॉलेजं बंद झाली, माणसं लग्नांना आणि गावांना गेली की दरवर्षी राज्यात रक्ताचा तुटवडा पडतो. दरवर्षी.

इथं जिमवाल्यांच्या अंगातली एक सवय कामी येण्यासारखी आहे. एका दिवसात शंभर बैठका मारून मग महिनाभर झोपून राहिलं तर अंग बनत नाही, हे जिममधल्या नवख्या पोरालाही पहिल्या आठवड्यात सांगितलेलं असतं. थोडं, पण ठरलेल्या दिवशी, न चुकता. दानालाही हाच नियम लावून पाहू.

पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर पुन्हा द्यायला ९० दिवस थांबावं लागतं. समजा जिममध्ये रक्त देऊ शकणारे ६५ पुरुष आहेत. त्यांनी ठरवलं की दर आठवड्याला पाच जणांनी जायचं. ६५ जण संपायला १३ आठवडे लागतात. १३ आठवडे म्हणजे ९१ दिवस. पहिल्या पाच जणांचा नंबर पुन्हा येतो तेव्हा त्यांचे ९० दिवस भरून एक दिवस वर झालेला असतो. कुणावर जादा भार नाही, एकही आठवडा रिकामा नाही, आणि वर्षाच्या ५२ आठवड्यांत २६० पिशव्या. मांडव नको, स्पीकर नको, पाहुणे नकोत. मी हा हिशेब पुन्हा पुन्हा मांडून पाहिला आणि दर वेळी मला त्याचं नवल वाटलं. एका मध्यम जिममधली माणसं एखादी रक्तपेढी वर्षभर हलती ठेवायला हातभार लावू शकतात आणि त्यासाठी प्रत्येकाला तीन महिन्यांतून एक शनिवार मोडावा लागतो.

शनिवारच का? रक्त दिल्यावर तो दिवस आणि दुसरा दिवस जड वजन उचलू नये. रविवारी बहुतेक जिम बंदच असतात. ३५० मिलिलिटर रक्त गेल्यावर अंगातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, तांबड्या पेशी भरून यायला काही आठवडे लागतात. ताकद कायमची कमी होते, कमावलेलं अंग उतरतं, हा पोरांच्या मनातला धाक निराधार आहे. सोमवारी वजन थोडं हलकं ठेवायचं, डाळ, हिरव्या पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे पोटात जाऊ द्यायचे, पाणी भरपूर प्यायचं. रक्तपेढीला मालेगावला किंवा नाशिकला जावं लागेल, पण देवळ्यातून या दोन्ही गावांना कुणाचं ना कुणाचं कामाने जाणं असतंच. पाच जणांची एक गाडी झाली की झालं.

यात दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. पहिली, हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत. महिलांच्या बॅचमध्ये हे फार वेळा होतं आणि मग ‘आम्हाला परत पाठवलं’ म्हणून बायका हिरमुसतात. खरं तर त्या दिवशी त्यांना आपल्या अंगातली उणीव समजली, फुकटात आणि वेळेवर. शेतात राबून, घरचं उरकून, सगळ्यांना वाढून मग जेवणाऱ्या बाईचं रक्त कमी निघालं यात तिचा काय दोष? तिथं सगळ्या बॅचने मिळून तीन महिन्यांत हिमोग्लोबिन वर आणायचं ठरवावं. हेही सेवेचंच काम आहे, आणि त्याचं मोल रक्ताच्या पिशवीपेक्षा कमी नाही. ज्या देऊ शकतील त्यांनी १२० दिवसांचं अंतर ठेवावं, त्यांची यादी वेगळी करावी. दुसरी गोष्ट सुयांची. झटपट अंग फुगवण्यासाठी कुणाच्या तरी हातून काहीबाही टोचून घेण्याचा प्रकार जिममध्ये शिरला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या अंगात काय गेलं आहे हे ज्याला नीट ठाऊक नाही, त्याने दुसऱ्याच्या अंगात आपलं रक्त घालू नये. उलट, तीन महिन्यांनी आपला नंबर येणार आहे या विचाराने एखादा पोरगा त्या सुईपासून दूर राहिला तर त्या यादीने त्याचाही जीव वाचवला असं मी म्हणेन. नवा टॅटू काढणाऱ्यानेही वर्षभर थांबावं.

कमावलेल्या अंगाने गावाचं ऋण फेडण्याची गोष्ट निघाली की मला खाशाबा जाधव आठवतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाकडे पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांची बैलगाड्यांची मिरवणूक सगळ्यांना माहीत असते. त्यापुढचं कमी जणांना माहीत असतं. पदक घेऊन आलेल्या या माणसाने कुस्त्यांचा फड ठेवला, स्वतः आखाड्यात उतरला, आणि त्या कमाईतून खर्डेकरांचं घर गहाणातून सोडवलं. मला पदकाइतकाच हा फड मोठा वाटतो. गावाने उचललं, त्याने परत केलं, आणि दोन्ही वेळा कामी आली ती लाल माती.

पुण्याच्या गुरुजी तालमीचीही अशीच एक आठवण जपण्यासारखी आहे. तिथला गणपती बसला १८८७ साली, म्हणजे लोकमान्यांनी १८९३ मध्ये सार्वजनिक उत्सवाला चालना दिली त्याच्याही आधी. तो बसवण्यात शिंदे आणि नालबन अशी हिंदू-मुसलमान दोन्ही घराणी होती. तालमीत ज्याच्याशी रोज झोंबायचं, ज्याच्या पाठीची माती आपण झटकायची, त्याच्या जातीधर्माचा हिशेब मनात फार काळ टिकत नाही. रक्ताच्या पिशवीवरही फक्त गट लिहिलेला असतो. मालेगावच्या रक्तपेढीत देवळ्याच्या पोराने दिलेली पिशवी कुणाला चढेल हे त्याला कधीच कळणार नाही, आणि दानात हे न कळणं मला फार मोलाचं वाटतं.

देवळ्यात, कळवणात, सटाण्यात, जिथे कुठे तुम्ही सकाळी किंवा संध्याकाळी व्यायामाला जात असाल, तिथल्या मालकाला किंवा ट्रेनरला या आठवड्यात विचारा. एक कोरा कागद घ्या. नाव, रक्तगट, फोन नंबर, शेवटचं रक्त कधी दिलं, असे चार रकाने पाडा आणि तो कागद आरशाशेजारी चिकटवा. पहिलं नाव स्वतःचं लिहा. पहिल्या महिन्यात २० नावं झाली तर २० पासून सुरू करा. आठवड्याला एक जण गेला तरी चालेल, पण आठवडा चुकवू नका. जवळच्या रक्तपेढीला फोन करून सांगा की आम्ही असे असे येणार आहोत, कुठल्या गटाची गरज जास्त आहे ते कळवत जा. उन्हाळ्याच्या सुट्टीत यादी सगळ्यात घट्ट धरा. येत्या शनिवारी पहिली गाडी निघू दे.